मधुमामाचा दिनविशेष

मधुमामाचा आवाज काढायचा असेल तर आधी नाक थोडं चोंदलेलं हवं. मग हनुवटी गळ्याशी न्यायची आणि 'सौसरकर' हा शब्द एवढा लांबवायचा की तेवढ्यात बॉलरनं मागे जाऊन रनअपची खूण करून यावं. "सौसरकऽऽऽर! मोहगावकर, बोरगावकर, अन् पांढुर्ण्याहून आलेले आमचे दुश्मन, तुमालेही नमस्कार!" इथपर्यंत आमच्या सौसर गावातल्या कुठल्याही पोराला जमतं. जमत नाही ते पुढचं. "आज अकरा जानेवारी," एवढं म्हटलं की मामा थांबतो. माइकमध्ये फक्त त्याचा श्वास ऐकू येतो. समोर बसलेल्यांना आपापली अकरा जानेवारी आठवून घ्यायला तो वेळ देत असावा. ते थांबणं अजून कुणालाच काढता आलेलं नाही.

मधुकर सोमकुवर हे त्याचं पूर्ण नाव. माझ्या आईचा मोठा भाऊ, नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामावर. सकाळी हातात लोखंडी चावी घेऊन वॉर्डावॉर्डात फिरतो आणि थंडीत टेनिस बॉलची टूर्नामेंट सुरू झाली की त्याच हातात माइक येतो. टॉसच्या आधी मामाचा दिनविशेष झाल्याशिवाय इथं मॅच सुरू होत नाही. त्याचे तीन भाग असतात. आधी जगातला वाढदिवस, मग जगातला प्रसंग, शेवटी आपल्या इथला.

"अकरा जानेवारी एकोणीसशे त्र्याहत्तर, राहुल द्रविड यांचा जन्म. घाई कशाले म्हनते ते या मानसाले मालूम नव्हतं. अकरा जानेवारी दोन हजार एकवीस, सिडनी. एकाचा पाय दुखून राहिला, एकाची पाठ, पन दोघं हलले नाही. मॅच वाचवली. अन् आपल्या इथं? याच दिवशी तिगावच्या ओपनरले अंपायरनं आउट देल्लं, त तो बॅट घेऊन घरी निघून गेला. बॅट त्याचीच होती. मॅच तिथंच खतम!"

लोक हसतात, पण हा तिसरा भाग ऐकायला मान पुढे करून बसतात. द्रविडच्या दोन वाक्यांनंतर तिगावचा एक माणूस येतो आणि त्याच आवाजात येतो, त्याच्यासाठी मामा आवाज खाली उतरवत नाही. म्हणून पोरं टॉसआधी त्याच्या टेबलाशी घुटमळतात. "मामा, माहा वाढदिवस सोळाले हाय, ध्यानात ठेवजा." टूर्नामेंट नसते तेव्हा हेच सगळं सकाळी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतं. पाणी सोडून झालं की मामा मोबाइल तोंडापुढे पावासारखा धरतो आणि बोलतो. नागपूरला, पुण्याला गेलेले लोकही ते ऐकून कामाला लागतात.

तारखेच्या बाबतीत मामा फार कडक आहे. एका पोरानं आपला वाढदिवस बारा तारखेला म्हणून सांगितला होता. मामानं भर मैदानात माइकवरून ऐकवलं, "बारा नाही बेटा, तेरा. आधार कार्ड आन, मंग बोल."

आता गंमत अशी, की मामाच्या वयाच्या माणसांना आमच्याकडे वाढदिवसच नाही. म्हणजे आहे, पण सगळ्यांना मिळून एकच. शाळेत नाव घालताना गुरुजी विचारायचे, "कवा झाला हा?" आई म्हणायची, "थंडीत झाला." गुरुजी लिहायचे, एक जुलै. शाळा एक जुलैला उघडते, मग पोरगाही त्याच दिवशी झाला म्हणायचं. अर्धी तहसील एक जुलैची आहे. मामाच्या कागदावरही तेच. पण मामा ते मानत नाही. मामाचा वाढदिवस चोवीस ऑगस्ट एकोणीसशे एकाहत्तर.

ही तारीख त्यानं स्वतः शोधून काढली. लहानपणी एकदा आजीनं, म्हणजे त्याच्या आईनं, बोलता बोलता सांगितलं होतं, "तू झाला ना, तवा सडकीवर रेडिओपाशी लोकं नाचून राहिले होते. जिंकलो, जिंकलो करत." क्रिकेटवेड्या पोराला एवढं पुरलं. साल एकाहत्तर, हे नक्की होतं. त्या साली भारत इंग्लंडमध्ये पहिल्यांदा कसोटी जिंकला, चोवीस ऑगस्टला, ओव्हलवर. झालं! तेव्हापासून दर चोवीस ऑगस्टला मामा पेढे वाटतो आणि तीच गोष्ट सांगतो. चंद्रशेखरनं सहा विकेट कशा काढल्या, आबिद अलीचा शेवटचा चौका कसा गेला आणि गणेश चतुर्थी म्हणून कुणीतरी ओव्हलच्या मैदानात खराखुरा हत्ती कसा आणला. हत्तीपाशी आल्यावर त्याचा आवाज ओला होतो. "मी इकडं जन्मून राहिलो होतो, अन् कॉमेंट्री तिकडं लंडनहून चालू होती. मंग मी दुसरं काय बननार होतो, सांगा बरं?"

त्याचं कॉमेंट्री करणं, तारखा जपणं, सगळं या एका दिवसावर उभं होतं.

या वर्षी टूर्नामेंट कमिटीनं ठरवलं की फायनलला मधुभाऊंचा सत्कार करायचा. कमिटीचा अध्यक्ष गौरव. त्याच्या घरचा संत्र्याचा व्यापार आहे आणि तो एक वाक्य कधीच एका भाषेत पूर्ण करत नाही. "मधुभाऊ, या साली तुमचा सत्कार फिक्स! बॅनर बडा वाला, हत्तीच्या फोटूसकट. पूरा गाव देखेगा." त्याची बहीण अपर्णाताई पुण्याला शिकते. तिथं जाऊन तिचा 'ण' फार स्वच्छ झालाय. तिनं मामावर एक छोटा व्हिडिओ करायचं ठरवलं. "म्हणजे ना, सुरुवात मधुकाकांच्या आईंपासूनच करूया. त्या दिवसाची आठवण, त्यांच्याच शब्दांत."

आजी, शकुंतलाबाई, गौरवच्याच वखारीच्या अंगणात संत्रा निवडायला जाते. सत्तरी उलटून गेली, पण बोटांना अजून माप कळतं. ढिगातून फळ उचललं की न पाहता मोठ्यात, मधल्यात नाहीतर बारक्यात टाकते. कॅमेरा समोर आला तरी हात थांबले नाहीत. मामा नवा शर्ट घालून शेजारी उभा होता, हत्ती केव्हा येतो याची वाट बघत.

"आजी, मधुकाका झाले तो दिवस आठवतो का तुम्हाला?" अपर्णाताईनं विचारलं.

"आठवत नाही का मंग? त्या दिवशी तोडा चालू होता."

"कसला तोडा?"

"संत्र्याचा. दुसरा कायचा राहते? बगीच्यात टोपली भरून राहिली होती मी, अन् कळा सुरू झाल्या."

अपर्णाताईच्या काही लक्षात आलं नाही, तिनं मान डोलावली. पण गौरव फोनवर बोलत होता तो बोलायचा थांबला. संत्र्याच्या घरात वाढलेला पोरगा तो. "आजी, ऑगस्टमंदी कुठचा तोडा वो? तवा तर फळ हिरवं रायते."

"म्या कुठं ऑगस्ट म्हनलं?" आजीनं एक संत्रं मधल्या ढिगात टाकलं.

मामा हसला. म्हणजे तोंड हसल्यासारखं केलं. "माय, ते लोकं नाचून राहिले होते ना? जिंकलो, जिंकलो?"

"नाचतच होते. लढाई जिंकली म्हने. त्या टायमाले फौजी जात होते गाडीनं, डब्बे भरू भरू. तिगावच्या टेसनावर आपल्या संत्र्याच्या पेट्या पडून होत्या, डब्बे भेटत नव्हते. थंडी तर अशी, का हात वळत नव्हते."

एकाहत्तरची लढाई. डिसेंबर. अंगणात सगळ्यांच्या डोक्यात एकाच वेळी हिशेब झाला आणि कुणीच तो तोंडानं म्हणून दाखवला नाही. अंबिया बहराचं संत्रं थंडीतच उतरतं, हे इथं दुधपित्या पोरालाही माहीत असतं. मामालाही माहीत होतं. फक्त बगीच्यात टोपली होती, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानं विचारलंही नव्हतं. 'जिंकलो' ऐकलं आणि तो धावत सुटला होता.

"मंग तू आतालोक बोलली काहून नाही?" मामानं विचारलं.

"तू पेढे वाटत होता बाप्पा," आजी म्हणाली. "खुश होता. मी कायले आडवी येऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं. ग्रुपवर आवाज आला नाही. थोड्या वेळानं एकानं लिहिलं, "मधुभाऊ, तब्येत?" मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. समोरच्या नलिनीकाकू अंगणातून ओरडल्या, "अवं, पानी आलं, पन आज तारीख नाही आली!" मामा ओट्यावर बसून चहा फुंकत होता. चहा केव्हाच निवला होता, तरी फुंकत होता.

गौरव आला तो धीर द्यायलाच. त्याचा धीर म्हणजे आवाज दुप्पट. "अरे भाऊ, टेन्शन काहून घेऊन राहिले? बॅनर तर छपून गेलं. चोवीस ऑगस्टच ठेवू. कोनाले मालूम पडनार हाय?"

"मले," मामा म्हणाला.

गौरवनं मोबाइलवर बॅनरचा फोटो उघडून बघितला. मग एकदम उजळला. "तर मंग सोळा डिसेंबर टाकू ना! लढाईची तारीख! छोटी मॅच गेली, बडी वाली भेटली. हत्तीच्या जागी रणगाडा!"

"सोळा का सतरा?" मामानं विचारलं. "खबर सोळाले संध्याकाळी आली. लोकं तवाच नाचले, का दुसऱ्या दिवशी सकाळी? अन् लढाईत मधातही कुठं कुठं जिंकलोच असन ना. पक्कं कोन सांगते?"

"एक दिवस इधर-उधर. काय फरक पडते?"

"तेरा तारखेच्या पोराले मी भर मैदानात टोकलं होतं, गौरव. त्याचाही एकच दिवस होता." मामानं कप खाली ठेवला. "आता कोन्या तोंडानं माइक धरू? लोकाइची तारीख सांगतो, अन् माहीच खोटी. इतक्या साल."

फायनल चार दिवसांवर होती. दुसरा कॉमेंटेटर पांढुर्ण्याहून आणावा का, यावर कमिटीत दबक्या आवाजात बोलणं सुरू झालं. मामाच्या कानावर ते गेलं असणार. संध्याकाळी आजी चुलीपुढे भाकरी थापत होती, तिथं तो पाट ओढून बसला.

"माय, आठवून सांग. सांज होती का सकाळ?"

"कोनाले आठवते बाप्पा? झाडाखाली पडली होती मी. वर पाहो तर पानंच दिसे."

"कोन होतं तुह्यापाशी?"

"बाया होत्या. इंदूची सासू होती. लुगडी धरली चारी बाजूनं. तिनंच तुले काढलं, तिनंच नाळ कापली." आजीनं भाकरी तव्यावर टाकली आणि हसायला लागली. आजी हसते तेव्हा आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. "तू रडला, अन् तिकडं सडकीवर लोकं ओरडाले लागले. जिंकलो, जिंकलो. आमाले वाटलं, तुह्या बापाले निरोप भेटला, पोरगा झाला म्हनून ओरडून राहिले. इंदूची सासू म्हने, 'अवं बाई, एवढ्या लोकाइले पोरगा पाह्यजे होता काय?'"

मामानं पाट पुढे ओढला. "मंग?"

"मंग मानसं आले, म्हने लढाई जिंकली. आमी म्हनलं, बरं झालं, आता पानी गरम करून आना." तिनं भाकरी उलटली. "तुले तारीख पाह्यजे. ते मह्यापाशी नाही रे बाबू. दिवस हाय, तो पूरा हाय. इचार काय इचाराचं ते."

मग मामानं विचारलं. भाकऱ्या संपल्या, चूल विझत आली तरी विचारत राहिला. टोपली किती भरली होती, तोडा कुणाच्या बगीच्यात होता, बाप केव्हा आला, आल्यावर पहिलं काय बोलला. "तो काय बोलनार? म्हने, टोपली कोनं उचलली?" असं आजीनं बापाचा घोगरा आवाज काढून सांगितलं तेव्हा मामा इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं हसला. एवढं सगळं त्या घरात होतं आणि तो लंडनचा हत्ती सांगत फिरला होता.

फायनल आठ फेब्रुवारीला, रविवारी. सौसर विरुद्ध बोरगाव. बॅनर खांबांना बांधलेलं होतं, पण उलटं. छापील बाजू मागे, पांढरी पुढे. मामानं सकाळी स्वतः येऊन फिरवून घेतलं होतं. ऊन पडलं की कापडातून हत्ती पुसट दिसायचा, उलट्या सोंडेचा. गौरव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "डिझाइन हाय, डिझाइन!" आजी पुढच्या खुर्चीवर बसली होती, डोक्यावर पदर आणि चेहऱ्यावर कामाचा खाडा पडल्याचा वैताग.

मामानं माइकवर टिचकी मारली.

"सौसरकऽऽऽर! बोरगावकऽऽऽर!" नाक नेहमीपेक्षा जास्त चोंदलेलं होतं. "आज आठ फेब्रुवारी. एकोणीसशे त्रेसष्ट, मोहम्मद अझरुद्दीन यांचा जन्म. मनगट पाहाव तर त्यांचं. आठ फेब्रुवारी एकोणीसशे चौऱ्यान्नव, अहमदाबाद. कपिल देवनं चारशे बत्तिसावी विकेट घेतली, त्या टायमाले जगात सगळ्यांत जास्त. अन् आपल्या इथं..."

तो थांबला.

"आपल्या इथं एक दुरुस्ती हाय. चोवीस ऑगस्टले मी तुमाले माहा वाढदिवस म्हनून सांगत आलो. तो नाही. मॅच खरी होती, हत्तीही खरा होता. मी मातर तवा झालोच नव्हतो."

मैदानात कुजबुज झाली. पांढुर्ण्याहून बघायला आलेल्यांतून कुणीतरी ओरडलं, "मंग पेढे वापस घ्यान का, मामा?"

"पेढे खरे होते!" मामा माइकवर म्हणाला आणि सगळे हसले. मग त्यानं सांगितलं. तोडा, थंडी, भरत आलेली टोपली, चारी बाजूंनी धरलेली लुगडी, नाळ कापणारी 'एक बाई'. कॉमेंट्रीच्याच चालीत सांगत होता, पण हळू, स्लो ओव्हर असल्यासारखं. लढाईच्या घोषणा बायांना पोराच्या वाटल्या, तिथं पुरुषमंडळी हसली आणि मागच्या बाजूला बसलेल्या बाया हसल्या नाहीत, एकमेकींकडे बघत राहिल्या. "तारीख सोळा डिसेंबर असन, सतराही असन. मायले मालूम नाही, म्हनून मी सांगनार नाही. ज्याची पक्की हाय त्याची सांगतो. बोरगावचा विकेटकीपर नितीन, आज त्याले एकवीस साल पूर्ण झाले. दाखला मी डोळ्यानं पाह्यला. टाळ्या!"

टाळ्या झाल्या. टॉस झाला. मामाचा आवाज पहिल्या बॉलपासून रुळावर आला. "बॉल हवेत, फिल्डर खाली, अन् फिल्डरच्या हातात फक्त भगवंताचं नाव!" नेहमीसारखं. पांढुर्ण्याहून कुणाला तरी आणायचा विषय तिथंच मिटला.

दुसरी ओव्हर चालू असताना आजी उठली. चपला तिथंच ठेवल्या आणि सरळ बाउंड्री ओलांडून निघाली, कारण कॉमेंट्रीचं टेबल मैदानाच्या पलीकडे होतं आणि तिच्या मते सरळ रस्ता तोच होता. बॉलर धावत येता येता थबकला. अंपायर रघुनाथराव, रिटायर मास्तर, दोन्ही हात पसरून किंचाळले, "अहो बाई! अहो, सामना सुरू आहे! डेड बॉल! डेड बॉल!"

"सौसरकर, खेळ थांबला हाय," मामा गोंधळून माइकवर म्हणाला. "माय... मैदानात माय आली हाय."

आजी पिचच्या बाजूनं, कव्हरमधून, लाँग ऑनच्या फिल्डरला "सरक रे" म्हणत टेबलापाशी पोचली. तिला दम लागला होता. माइक चालू आहे हे तिला ठाऊक नव्हतं, त्यामुळे पुढचं सगळं आख्ख्या मैदानानं ऐकलं.

"एवढं सांगतलं, अन् तिचं नाव नाही घेतलं तू."

"कोनाचं?"

"इंदूच्या सासूचं. 'एक बाई, एक बाई' करून राहिला. ते काय एक बाई होती? तिनं नाळ कापली तुही."

"माय, तू तर मले नावच नाही सांगतलं. इंदूची सासूच म्हनते तू."

आजीचे ओठ हलले. मैदानावर बॅट टेकून उभे असलेले दोघं, रघुनाथराव, खुर्च्यांवरची माणसं, सगळे थांबले होते.

"चंद्रभागा," ती म्हणाली. "चंद्रभागाबाई. बोरगावची. सांग."

मामानं माइक उचलला. "आपल्या इथं," तो म्हणाला, "थंडीतल्या एका दिवशी, संत्र्याच्या तोड्यात, बोरगावच्या चंद्रभागाबाईनं एका पोराची नाळ कापली. नोंद झाली."

बोरगावच्या बाजूनं टाळी सुरू झाली. आजीनं तिकडं पाहिलं, समाधान झाल्यासारखी मान हलवली आणि रघुनाथरावांकडे हात केला.

"हं मास्तर. टाका आता बाल."